आधी रेघ, मग गोष्ट: बायबलच्या जुन्या युरोपीय मुद्राचित्रांची ओळख कशी पटवावी

पंधराव्या ते सतराव्या शतकातलं एखादं युरोपीय मुद्राचित्र, म्हणजे ब्लॉक किंवा प्लेटवरून कागदावर छापलेलं चित्र, समोर आलं की दोन निकाल पटकन लागतात. कोपऱ्यात 'ए'च्या पायांमध्ये 'डी' दिसला, म्हणजे चित्र जर्मन चित्रकार ड्यूररचं. बाईच्या हाताशी कापलेलं मुंडकं दिसलं, म्हणजे ती बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं मस्तक मागणारी सलोमी. दोन्ही निकाल वारंवार चुकतात, आणि चुकणारी माणसं चांगली अभ्यासू असतात. त्यांना माहिती असते, फक्त क्रम उलटा झालेला असतो. गोष्ट आधी ठरली की डोळा पुढे तिच्या सोयीचंच बघतो. रेघेची जात, खालची ओळ, कागद हे सगळे मग तिच्याच बाजूने साक्ष द्यायला लागतात.

म्हणून खालचा क्रम मोडू नका. प्रत्यक्ष ठसा, म्हणजे छापलेला कागद, हातात असेल तर सातही टप्पे करता येतात. चित्र पडद्यावर बघत असाल तर दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे टप्पे बहुतांशी जमतात. आम्स्टरडॅमचं राइक्सम्युझियम आणि न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम आपल्याकडची कितीतरी मुद्राचित्रं मोठ्या आकारात मोफत उतरवू देतात. कागदाचा टप्पा मात्र पडद्यावर सोडूनच द्यावा.

## तयारी

टेबल कोरडं आणि रिकामं हवं. त्यावर स्वच्छ टीपकागद किंवा आम्लरहित कागद अंथरा. चहा, पाण्याची बाटली आणि पेन दुसऱ्या टेबलावर ठेवा. लिहायला फक्त शिसपेन्सिल वापरा. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. सुती हातमोजे नकोत, कारण त्यांच्यात बोटांना कागदाची कड कळत नाही आणि जुनी चिरलेली कड धाग्यात अडकून फाटते.

सोबत एवढं असू द्या: दहा पट मोठं दाखवणारं भिंग, मिलिमीटरच्या खुणांची पारदर्शक पट्टी, लहान टॉर्च, न तापणारं एलईडी लाइट पॅड आणि वही.

आणि बायबल. इथे मराठी वाचक हमखास अडकतो. प्रॉटेस्टंट परंपरेच्या मराठी बायबलमध्ये ज्युडिथ आणि टोबिट ही पुस्तकं नाहीत, आणि दानीएलाच्या पुस्तकातला सुझानाचा भागही नाही. सोळाव्या शतकातल्या मुद्राचित्रांत तर हे तिन्ही विषय पावलोपावली भेटतात. म्हणून कॅथलिक आवृत्ती जवळ ठेवा, नाहीतर अर्धा दिवस शोधून "हा प्रसंग बायबलात नाहीच" असा चुकीचा निष्कर्ष निघेल.

सावधान: ठसा पुठ्ठ्याला चिकटवलेला असेल तर सोडवायला जाऊ नका. पाणी, वाफ, चिकटपट्टी, लॅमिनेशन यांतलं काहीही नको. फ्रेममध्ये असेल आणि काच कागदाला चिकटल्याची शंका असेल, तर फ्रेमही उघडू नका.

## टप्पा १: मोजमाप

आधी उंची, मग रुंदी, मिलिमीटरमध्ये. वुडकट, म्हणजे लाकडी ब्लॉकवरून छापलेलं चित्र, असेल तर बाहेरच्या चौकटीच्या रेघेपर्यंत मोजा. तांब्याच्या प्लेटचा ठसा असेल तर प्लेटमार्कपर्यंत, म्हणजे प्लेटच्या कडेने कागदात दाबून उमटलेल्या खाचेपर्यंत. कागदाचं माप वेगळं लिहा. डावी बाजू आणि खालची बाजू मोजायची असं एकदा ठरवून टाका, कारण जुने ब्लॉक आणि प्लेटा क्वचितच काटकोनात असतात.

कागद ओला करून छापायचे आणि वाळताना तो आकसायचा. त्यामुळे एकाच प्लेटच्या दोन ठशांत एक-दोन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. दहा मिलिमीटरचा फरक मात्र वेगळी प्लेट सुचवतो.

तपासा: प्लेटमार्क दिसत नाही म्हणून वुडकट ठरवू नका. जुन्या संग्राहकांनी असंख्य ठसे चित्राच्या कडेपर्यंत, कधी त्याच्याही आत कापलेले आहेत.

## टप्पा २: रेघेची जात

भिंग डोळ्याजवळ आणि ठसा भिंगाजवळ. चेहरे बघू नका. सावलीचा एखादा भाग निवडा, कपड्याची घडी किंवा ढग, आणि रेघ कशी सुरू होते, कशी फुगते, कशी संपते एवढंच बघा.

*वुडकट.* ब्लॉकवर उंच राहिलेला भाग छापला जातो. दाबामुळे शाई रेघेच्या कडांकडे सरकते, म्हणून कड मध्यापेक्षा किंचित गडद दिसते. रेघा एकमेकींना छेदतात तिथली पांढरी जागा सुरीने काढलेली असते, तिचे कोपरे टोकदार असतात. कागद उलटा धरून टॉर्चचा उजेड कडेने पाडला तर मागच्या बाजूला रेघांचे उठाव दिसू शकतात.

*एन्ग्रेव्हिंग.* ब्युरिन हे टोकदार कोरणं तांब्यात ढकलत नेलेलं असतं. रेघ बारीक सुरू होते, मधे फुगते आणि टोकाला सुईसारखी निमुळती होते. वळणं सावकाश आणि ताणलेली असतात. कडेच्या उजेडात शाई कागदाच्या वर किंचित उभी दिसते.

*एचिंग.* आम्लाने खाल्लेली रेघ. जाडी बरीचशी सारखी, टोकं बोथट, कडा जरा खडबडीत, आणि हात कागदावर चित्र काढताना फिरतो तसा मोकळा फिरलेला. ड्यूररने १५१५ ते १५१८ या काळात केलेली मोजकी एचिंग लोखंडी प्लेटवर आहेत. लोखंड गंजतं, म्हणून त्यांच्या उशिराच्या ठशांवर गंजाचे डाग उमटलेले सापडतात.

*ड्रायपॉइंट.* सुईने धातू ओरखडताना कडेला जो खरखरीत काठ उठतो, त्याला बर म्हणतात. बर शाई धरून ठेवतो आणि रेघेला मखमली काळी किनार देतो. हा काठ फार लवकर झिजतो, म्हणून मखमल दिसली तर ठसा सुरुवातीचा समजायला जागा आहे. डच चित्रकार रेम्ब्रांट एकाच प्लेटवर एचिंग, ड्रायपॉइंट आणि ब्युरिन तिन्ही वापरतो, तेव्हा एकच नाव सापडलं म्हणून थांबू नका.

काळ्या भूमीवर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी दिसली तर ते पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं धातूवरचं उठावकाम असू शकतं. दोन-तीन सपाट रंगछटा एकावर एक छापलेल्या दिसल्या तर ते अनेक ब्लॉकांचं वुडकट आहे, हाताने रंगवलेलं नव्हे.

सावधान: भिंगाखाली रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर विषय तिथेच संपला, ते आधुनिक ऑफसेट छपाईचं पान आहे. त्याहून फसवं असतं एकोणिसाव्या शतकातलं हेलिओग्रॅव्ह्यूर. पॅरिसच्या आमां-द्युरां यांनी ड्यूरर आणि रेम्ब्रांटच्या ठशांच्या फोटोवरून तांब्यावर हुबेहूब प्रती केल्या. त्यांना प्लेटमार्कही असतो आणि शाईही कागदाच्या वर उभी राहते. फक्त ब्युरिनच्या म्हणून दाखवलेल्या रेघांची टोकं आम्लाने बोथट झालेली असतात. हा फरक याच टप्प्यावर सापडतो, पुढे सापडत नाही.

## टप्पा ३: अक्षरं, खुणा, आकडे

चित्रातलं प्रत्येक अक्षर वहीत जसंच्या तसं उतरवा, उलटं असेल तर उलटंच. अर्थ नंतर.

*मोनोग्राम,* म्हणजे नावाच्या आद्याक्षरांची खूण. 'ए'च्या पोटात 'डी' म्हणजे ड्यूररची खूण. 'ए'च्या पोटात 'जी' म्हणजे आल्डेग्रेव्हर. मोठ्या 'ए'च्या आत छोटा 'ए' म्हणजे आल्टडॉर्फर. शाई पसरलेल्या ठशात ही तिन्ही एकसारखी दिसतात, म्हणून भिंगाखाली आतलं अक्षर पूर्ण बंद आहे का, त्याला आडवी दांडी आहे का, हे बघा. नुसता 'एल' बहुधा लुकास व्हान लायडनचा. 'एम' आणि 'एस' यांच्यामध्ये क्रॉससारखी खूण असेल तर मार्टिन शोंगाउअर.

*कोणी काय केलं.* नावापुढची लॅटिन क्रियापदं वाचली नाहीत तर तिघांचं श्रेय एकालाच जातं. 'इन्वेनित' म्हणजे कल्पना किंवा मूळ रचना त्याची. 'पिंक्सित' म्हणजे त्याने रंगवलेल्या चित्रावरून. 'स्कल्प्सित', बहुधा नुसतं 'एससी', म्हणजे प्लेट कोरणारा. 'फेकित' म्हणजे याने केलं. 'एक्स्कुदित' किंवा 'एक्सी' म्हणजे प्रकाशक, चित्रकार नव्हे. अँटवर्पचा प्रकाशक हिरोनिमुस कॉक याचं नाव अशा जागी वाचून चित्रच त्याच्या नावावर घालणं ही नेहमीची चूक.

*साल.* रोमन आकड्यांत 'डी' आणि 'एम' नेहमी सरळ लिहिलेले नसतात. 'आय'पुढे उलटा 'सी' म्हणजे ५००, आणि त्याच्याही आधी सरळ 'सी' असेल तर १०००. कोरलेलं साल प्लेटचं असतं, तुमच्या हातातल्या कागदाचं नव्हे. १५१५ सालची प्लेट शंभर वर्षांनीही छापली जाऊ शकते. पुस्तकाचं सालही ब्लॉकचं साल नसतं. चित्रकार धाकट्या होल्बाइनची जुन्या करारावरची वुडकट चित्रं फ्रान्समधल्या ल्यों इथे १५३८ साली पुस्तकरूपात आली, पण ते ब्लॉक ज्याच्या हातचे मानले जातात तो हान्स ल्युत्सेलबुर्गर १५२६ सालीच वारला होता.

*बायबलचा संदर्भ.* खालच्या ओळीत पुस्तकाचं नाव आणि अध्याय असेल तर निम्मं काम झालं, पण लॅटिन बायबलची नावं आणि क्रमांक मराठी बायबलशी सरळ जुळत नाहीत. 'रेगुम' म्हणजे राजे हे खरं, पण लॅटिनमध्ये त्याची चार पुस्तकं आहेत. पहिलं आणि दुसरं म्हणजे आपलं १ आणि २ शमुवेल, तिसरं आणि चौथं म्हणजे १ आणि २ राजे. "दुसरं रेगुम, ११" लिहिलेलं बघून २ राजे ११ उघडलंत तर अथल्येची गोष्ट येईल, बथशेबा सापडणार नाही; ती २ शमुवेल ११ मध्ये आहे. 'पारालिपोमेनोन' म्हणजे इतिहास. स्तोत्रांचा लॅटिन क्रमांक बहुतेक ठिकाणी एकने मागे असतो: त्यांचं ५० ते आपलं ५१. आणि 'जे'च्या जागी 'आय', 'यू'च्या जागी 'व्ही' हे डोळ्याला आधीच सांगून ठेवा.

तपासा: संदर्भात वचनाचा आकडा आहे का? आज चालतात ते वचनांचे आकडे नव्या करारात रोबेर एस्तियेनने १५५१ साली छापले, सगळ्या बायबलात त्यानंतर आले. १५००च्या म्हणून दाखवलेल्या ठशावर अध्याय आणि वचन दोन्ही कोरलेले असतील तर ती ओळ मागाहून घातलेली आहे, किंवा सगळं चित्रच उशिराचं आहे.

## टप्पा ४: प्रसंग

आता गोष्ट. इथेही पाच पायऱ्या आहेत, त्यांचा क्रम सोडू नका.

१. माणसं मोजा. मोठी, लहान, पार्श्वभूमीतली, सगळी. एकच माणूस दोनदा दिसतो का? त्या काळी एकाच चौकटीत गोष्टीचे दोन-तीन क्षण दाखवण्याची रीत होती.

२. मुख्य घटना पुढेच असेल असं धरून चालू नका. लुकास व्हान लायडनच्या १५०९ सालच्या शौलाच्या चित्रात पुढे दिसतो तो आंधळा झालेला शौल, हाताला धरून नेला जाणारा. विजेने खाली पडण्याचा प्रसंग मागे दूरवर, बोटाएवढा. त्याच्याच १५१० सालच्या "पाहा, हा मनुष्य!" या चित्रात येशू चौथऱ्यावर लांब आणि लहान आहे, पुढचा सगळा चौक बघ्यांनी भरलेला. पुढच्या गर्दीवरून प्रसंग ठरवणारा इथे बाजारच बघत बसतो.

३. हातातल्या वस्तू, प्रभावळी आणि प्राणी लिहून काढा. प्रभावळीत क्रूस असेल तर ती व्यक्ती बहुधा येशू. कपड्यांवरून काही ठरवू नका. यरुशलेम जर्मनीतल्या न्युरेंबर्गसारखं दिसतं, आणि यहुदी असोत की रोमी, कित्येकांच्या डोक्यावर तुर्की पगडी असते.

४. आता अंदाज बांधा, आणि त्याच्या जवळचा दुसरा प्रसंग मुद्दाम समोर ठेवा. घोळ नेमका जोड्यांतच होतो:

सलोमी आणि ज्युडिथ. तबक असेल तर बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं मस्तक (मार्क ६:२८). तलवार, पिशवी आणि शेजारी दासी असेल तर ज्युडिथ आणि होलोफर्नीस. हातोडा आणि मेख असेल तर तिसरीच बाई, याएल (शास्ते ४:२१).

सुझाना आणि बथशेबा. दोघीही अंघोळीच्या जागी. दोन म्हातारे अंगाशी आलेले असतील तर सुझाना. लांब गच्चीवर एकटा मुकुटधारी दिसला तर दावीद आणि बथशेबा. ती गच्ची कधीकधी नखाएवढी असते, म्हणून भिंग पुन्हा हातात घ्या.

दोन भेटी. दोन स्त्रिया एकमेकींना कवटाळतात: मरीया आणि अलीशिबा (लूक १:३९ पासून). पुरुष आणि स्त्री, मागे वेस: योआकीम आणि अन्ना, मरीयेचे आईवडील. हा दुसरा प्रसंग बायबलात मुळीच नाही, तरी ड्यूररच्या मरीयेच्या जीवनावरच्या वुडकट मालिकेत तो आहे.

येशूची चौकशी. आसनावरचा माणूस स्वतःचे कपडे फाडतोय: महायाजक कयफा (मत्तय २६:६५). हात धुतोय: पिलात (मत्तय २७:२४). हात बांधलेला येशू लोकांपुढे उभा: योहान १९:५. चारपाच चित्रांच्या मालिकेत हे तीन प्रसंग एकमेकांच्या जागी लावलेले वरचेवर दिसतात.

पुनरुत्थानानंतरचा माळी. टोपी घातलेला, कुदळ-फावडं घेतलेला पुरुष आणि गुडघ्यावर बसलेली स्त्री हा शेतीचा देखावा नव्हे. मग्दालीया मरीयेला येशू माळी वाटला तो क्षण आहे (योहान २०:१५). ड्यूररच्या छोट्या पॅशन (येशूचं दुःखसहन) मालिकेत तो असाच, टोपीसकट आहे.

५. अध्याय उघडा आणि चित्राशी ओळ न् ओळ ताडून पाहा. चित्रात नसलेलं आणि मजकुरात नसलेलं, दोन्ही लिहा. मजकुरात नसलेली एखादी गोष्ट चित्रात आहे म्हणून ओळख चुकली असं मात्र होत नाही. गव्हाणीजवळचा बैल आणि गाढव शुभवर्तमानांत नाहीत. पूर्वेकडून आलेले मागी तीनच होते असं मत्तय कुठे म्हणत नाही. शौलाचा घोडा प्रेषितांच्या कृत्यांत नाही. सलोमीचं नावसुद्धा शुभवर्तमानांतल्या त्या प्रसंगात येत नाही, तिथे ती फक्त हेरोदियेची मुलगी आहे. ही सगळी भर परंपरेने घातलेली आहे, आणि मुद्राचित्रकार परंपरा पाळत होते.

सावधान: प्रत्येक ख्रिस्ती चित्र बायबलचं नसतं. सिंहाशेजारी लिहीत बसलेला म्हातारा जेरोम आणि खांद्यावर बाळ घेऊन नदी ओलांडणारा ख्रिस्तोफर हे संत आहेत, बायबलातली पात्रं नव्हेत. मात्र सिंह, बैल, गरुड किंवा पंखवाला माणूस शेजारी असलेला लेखक पंखांकडे बघून तपासा, तो मार्क, लूक, योहान किंवा मत्तय असू शकतो.

दोन विशेष प्रकार. *बिब्लिया पाउपेरुम* या चाळीस पानी ब्लॉकबुकमध्ये (अक्षरं आणि चित्रं दोन्ही लाकडी ब्लॉकवर कोरून छापलेलं पुस्तक) दर पानावर मध्ये नव्या कराराचा प्रसंग, दोन्ही बाजूंना जुन्या कराराचे दोन, आणि भोवती चार संदेष्टे असतात. ते डावीकडून उजवीकडे गोष्टीसारखं वाचू नका. आधी मधलं ओळखा. पुनरुत्थानाच्या पानावर गज्जाच्या वेशीची दारं उचललेला शमशोन आणि माशातून बाहेर येणारा योना दिसणं हे बरोबरच आहे. दुसरा प्रकार जेझुइट या कॅथलिक संघातल्या खेरोनिमो नादालच्या शुभवर्तमानांवरच्या चित्रांचा (अँटवर्प, १५९३, १५३ चित्रं). त्यांत माणसांच्या आणि जागांच्या अंगावरच रोमन अक्षरं कोरलेली असतात आणि खाली त्या अक्षरांची फोड असते. ती अक्षरं कोणाच्या सह्या नव्हेत.

शेवटी चित्रविषयांच्या आयकॉनक्लास या वर्गीकरणाचा क्रमांक लिहून ठेवा: ७१ने सुरू होणारे जुन्या कराराचे, ७३ने सुरू होणारे नव्या कराराचे, आणि त्यांतले ७३डी दुःखसहनाचे. संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर नावाने जे सापडत नाही ते या क्रमांकाने सापडतं.

## टप्पा ५: मूळ की नक्कल

ब्लॉक किंवा प्लेटवर कोरलेलं छापताना उलटतं. नक्कल करणाऱ्याने समोरच्या ठशावरून जसंच्या तसं कोरलं तर त्याचा ठसा मुळाच्या आरशातल्या प्रतिमेसारखा येतो. म्हणून बघा: तलवार डाव्या हातात आहे का, आशीर्वादाचा हात डावा आहे का, उजेड मूळ चित्राच्या उलट बाजूने येतो का.

पण उलटं नाही म्हणून मूळ, असं समजू नका. इटालियन कोरीवकार मार्कान्तोनियो राइमोन्दीने ड्यूररच्या मरीयेच्या जीवनावरच्या वुडकटांच्या नकला तांब्यावर, त्याच दिशेत आणि ड्यूररच्या मोनोग्रामसकट कोरल्या. दिशा बरोबर, खूण बरोबर, प्रसंग बरोबर. पकडलं जातं ते फक्त दुसऱ्या टप्प्यात: मूळ वुडकट आणि हातातलं एन्ग्रेव्हिंग. रेघ सगळ्यांत आधी बघायची ती यासाठीच. छोट्या पॅशनच्याही नकला त्याने केल्या, त्यांत मोनोग्राम नाही.

पिवळा, धुरकट, दुमडलेला कागद हाही पुरावा नव्हे. डच कोरीवकार हेंड्रिक गोल्ट्सियुसने १५९३-९४ साली मरीयेच्या जीवनावर सहा एन्ग्रेव्हिंग निरनिराळ्या उस्तादांच्या धाटणीत केली. त्यांतलं सुंतेचं चित्र ड्यूररच्या धाटणीतलं. स्वतःची खूण नाहीशी करून आणि कागद धुरवून ते जुनं म्हणून खपवल्याचं त्या काळचा चित्रकारांचा चरित्रकार व्हान मान्दर सांगतो, आणि जाणकार फसले असंही.

नक्कल फक्त युरोपात झाली नाही. गोव्याहून निघालेले जेझुइट १५८० साली फतेहपूर सिक्रीला पोचले आणि त्यांनी अकबराला प्लांतँने अँटवर्पला छापलेलं आठ खंडांचं बहुभाषी बायबल भेट दिलं, त्यात कोरीव चित्रं होती. मुघल चित्रकार अबुल हसनने तेराव्या वर्षी, १६००च्या सुमारास, ड्यूररच्या १५११च्या एन्ग्रेव्हिंगमधल्या क्रूसाजवळचा एकटा योहान कुंच्याने उतरवला. म्हणून भारतीय संग्रहात एखादी आकृती ओळखीची वाटली तर मूळ प्रसंगाच्या पूर्ण चौकटीत ती कुठे बसते ते शोधा. एकट्या आकृतीवरून प्रसंग ठरवू नका.

## टप्पा ६: स्टेट आणि झीज

प्लेट किंवा ब्लॉकवर काही मुद्दाम बदललं की नवं स्टेट. झिजलं की तेच स्टेट, फक्त उशिराचा ठसा. या दोन गोष्टी वेगळ्या स्तंभांत लिहा.

स्टेट तपासायला प्रकाशित ठशाचं मोठं चित्र शेजारी उघडा आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चौकोन चौकोन करत जा. जर्मन चित्रकार क्रानाखची, ल्यूथरच्या सप्टेंबर १५२२च्या जर्मन नव्या करारातली प्रकटीकरणाची वुडकट चित्रं घ्या. बाबेलच्या बाईच्या डोक्यावर तिथे पोपचा तिहेरी मुकुट आहे. डिसेंबरच्या आवृत्तीत ब्लॉकवरून वरचे थर कापून साधा मुकुट उरला. चित्र तेच, पण मुकुटाच्या वर रिकामी पांढरी जागा. रेम्ब्रांटच्या १६५३च्या तीन क्रूसांच्या प्लेटमध्ये तर तिसऱ्या स्टेटवर सही आणि साल येतं, आणि चौथ्यात अर्धी माणसं खोडून, नवा घोडेस्वार घालून सगळीकडे अंधार उतरवलेला आहे. दोन ठसे शेजारी ठेवले तर दोन वेगळी चित्रं वाटतात. १६५५च्या "पाहा, हा मनुष्य!" मध्ये पुढची अख्खी गर्दी नंतरच्या स्टेटांत गायब होते.

झिजेच्या खुणा: वुडकटच्या चौकटीत तुटलेल्या जागा, तांब्यावर सावलीच्या बारीक रेघा फिकट होत जाणं, ड्रायपॉइंटची मखमल जाणं.

तपासा: काळ्या रेघांच्या मधोमध गोल पांढरा ठिपका दिसला तर लाइट पॅडवर ठेवा. उजेड आरपार आला तर कीड कागदाला लागली आहे. कागद अखंड असेल तर कीड ब्लॉकला लागली होती, आणि ठसा ब्लॉक पोखरल्यानंतरचा आहे. या एका ठिपक्याने ठसा पन्नास वर्षं पुढे सरकू शकतो.

## टप्पा ७: कागद

ठसा लाइट पॅडवर सपाट ठेवा, वाकवू नका. जवळजवळ बारीक रेषा आणि त्यांना छेदणाऱ्या, साधारण अडीच सेंटिमीटर अंतरावरच्या साखळी रेषा दिसल्या तर जुन्या पद्धतीचा हातकागद. साखळी रेषांमधलं अंतर मोजून लिहा. रेषा मुळीच नाहीत आणि पोत एकसारखा आहे, तर विणलेल्या जाळीवरचा कागद, जो इंग्लंडमध्ये १७५०च्या दशकात पुस्तकछपाईत आला. रेम्ब्रांटने वापरलेला गुळगुळीत, पिवळसर जपानी कागद हा यातला महत्त्वाचा अपवाद, त्यात युरोपीय साखळी रेषा शोधू नका.

वॉटरमार्क सापडला तर पट्टीसह फोटो घ्या: बैलाचं डोकं, उंच मुकुट, विदूषकाची टोपी. तो अख्ख्या तावाच्या एका अर्ध्या भागात असायचा. छोटं चित्र ताव कापून छापलेलं असल्याने त्यात वॉटरमार्क नसणं अगदी साहजिक आहे.

मागे छापील मजकूर असेल तर ते पुस्तकाचं पान. भाषा आणि पहिल्या चार ओळी उतरवा. ड्यूररची प्रकटीकरणाची मालिका १४९८ साली जर्मन आणि लॅटिन मजकुरासह निघाली आणि १५११ साली पुन्हा लॅटिनसह. मागच्या ओळींवरूनच त्यांतली आवृत्ती ठरते.

## क्रम लावून बघू: गेथशेमाने

बागेत गुडघे टेकलेला येशू, झोपलेले तीन शिष्य, वर देवदूत. ड्यूररचा मोनोग्राम. आता हे नेमकं कोणतं? हा प्रसंग त्याने मुद्राचित्रांत निदान चार वेळा केला. साधारण ३९० बाय २८० मिलिमीटर आणि वुडकटची रेघ: मोठी पॅशन मालिका. १२७ बाय ९७ आणि वुडकट: छोटी पॅशन. ११५ बाय ७१, फुगून निमुळती होणारी रेघ आणि १५०८ साल: तांब्यावरची पॅशन. २२१ बाय १५६, बोथट टोकांची मोकळी रेघ आणि १५१५ साल: लोखंडावरचं एचिंग. माप आणि रेघ या दोनच गोष्टींनी उत्तर मिळालं, चेहऱ्यांकडे बघावंही लागलं नाही. ११५ उंचीचा ठसा वुडकट निघाला किंवा १२७चा एन्ग्रेव्हिंग निघाला, तर लगेच पाचव्या टप्प्यावर जा.

मजकूर ताडताना देवदूत फक्त लूकमध्ये (२२:४३) आहे हे लिहा, मत्तय आणि मार्कमध्ये तो नाही. आणि "हा प्याला" हे शब्द मजकुरात प्रार्थनेतले आहेत. चित्रकार तिथे खराखुरा प्याला काढतात, तो बघून शेवटचं भोजन समजू नका.

नोंद अशी दिसेल:

तंत्र: एचिंग, बहुधा लोखंडी प्लेट. माप: प्लेटमार्क कापलेला; चित्र आहे तेवढं २१९ बाय १५४; कागद तितकाच. खुणा: 'ए'मध्ये 'डी', १५१५. प्रसंग: गेथशेमाने, मत्तय २६:३६–४६, मार्क १४:३२–४२, लूक २२:३९–४६. नक्कल: दिशा प्रकाशित ठशाशी जुळते. झीज: गंजाचे डाग, म्हणजे उशिराचा ठसा. कागद: साखळी रेषा २५ मिलिमीटरवर, वॉटरमार्क नाही.

"ड्यूरर" हे नाव नोंदीत यानंतर लिहा, आणि ही नोंद ठशाच्या पाकिटावर पेन्सिलीने करा, ठशाच्या मागे नको.